साठी बुद्धी नाठी : एका म्हणीविरुद्ध फिर्याद

मराठी भाषेने म्हाताऱ्या माणसांवर जितके अन्याय केले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कोणावर केले असतील. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण त्या अन्यायांतली अग्रगण्य. तीन शब्दांची, यमकात घट्ट बसवलेली आणि म्हणूनच वादाच्या पलीकडची! यमक जुळले की आपल्याकडे पुरावा मागण्याची पद्धत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने एखादे काम करताना दहादा विचार केला, पाय उचलून टाकण्याऐवजी ते फरफटत नेऊ लागला, बँकेचे पासबुक पुढ्यात घेऊन अर्धा तास नुसता बसून राहिला, की घरातले कोणीतरी ही म्हण टाकते, बाकीचे हसतात आणि प्रकरण तिथेच निकालात निघते. दिवाळीत सगळे घर एकत्र जमले असताना तर हा विनोद विशेष खपतो. तेव्हा दिवाळी अंकातच या म्हणीवर फिर्याद गुदरावी हे योग्य.

फिर्याद अशी की, ही म्हण खोटे निदान करते. साठी म्हणजे केवळ एक आकडा आहे. आकडा कोणाची बुद्धी नासवीत नाही. पुष्कळ घरांत जिच्या नावाने आपण बोटे मोडतो ती साठी मुळी साठी नसतेच. ती असते वीस-वीस वर्षे न मोजलेल्या, मोजला तरी मनावर न घेतलेल्या रक्तदाबाची करणी. मधुमेह आणि तंबाखू हे त्याचे साथीदार. पण खऱ्या गुन्हेगाराला सोडून वयाला पकडण्यात एक मोठी सोय आहे. वयावर औषध नाही, म्हणून कोणालाच काही करावे लागत नाही!

अलीकडे या म्हणीला शास्त्रीय पोशाख मिळाला आहे. आजोबा दोनदा पडले म्हणून मेंदूचा एम. आर. आय. काढतात. अहवाल येतो. त्यात मेंदूच्या आतल्या भागात पांढरे ठिपके दिसल्याचे लिहिलेले असते आणि त्यापुढे 'वयोमानानुसार' अशा अर्थाचा एक शब्द असतो. घरचे लोक ठिपके विसरतात आणि तो शब्द तेवढा लक्षात ठेवतात. "काही विशेष नाही, वयाचं आहे," असे फोनवर सगळ्या नातेवाइकांना कळवले जाते. हा जो 'विशेष नाही' प्रकार आहे तो नेमका काय आहे हे एकदा नीट समजून घेऊ.

मेंदूचा वरचा थर करड्या रंगाचा असतो. तिथे पेशींची दाट वस्ती असते. त्याच्या आत पांढरा भाग आहे. तो पांढरा का, तर तिथून जाणाऱ्या असंख्य तंतूंवर मेदाचे वेष्टण असते, तारेवर रबराचे असते तसे. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेण्याचे काम या तंतूंचे. विचार वरच्या थरात होत असेल, पण तो चटकन आणि बिनचूक पोहोचायचा तर तारा धड हव्यात. आता या पांढऱ्या भागाला रक्त कोठून मिळते? पृष्ठभागावरून आणि तळाकडून केसासारख्या बारीक रोहिणी लांबवर आत शिरतात, आणि ज्या ठिकाणी त्या संपतात तिथे मदतीला दुसरी वाहिनी जवळजवळ नसतेच. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याला विचारा. पाणी थोडे कमी झाले की पहिले कोणाचे पीक वाळते? मेंदूतला हा खोल पांढरा भाग म्हणजे असे टोकाचे शेत होय.

रक्ताचा दाब वर्षानुवर्षे चढलेला राहिला की या बारीक रोहिणींच्या भिंती जाड होतात, ताठर होतात, आतला मार्ग अरुंद होतो. गरजेप्रमाणे पसरण्याचे आणि आकुंचन पावण्याचे त्यांचे कसब जाते. कुठे भिंतीतून पाझर सुरू होतो. तंतूंवरचे वेष्टण झिजते, तंतू विरळ होतात, तिथे पाणी भरते, आणि एम. आर. आय. च्या एका विशिष्ट चित्रात ती जागा पांढरीशुभ्र उमटते. हे सारे वेदनेशिवाय घडते. मेंदूला स्वतःला दुखणे कळत नाही, ही निसर्गाची केवढी चेष्टा!

हा शोध आजचा नाही. रक्तवाहिन्यांच्या दुखण्याने मेंदूचा पांढरा भाग झिजून माणसाची बुद्धी मंदावते, हे ऑटो बिन्स्वांगर यांनी १८९४ साली लिहिले. पुढे चित्रे काढण्याची यंत्रे आली आणि हे बदल जिवंत माणसात दिसू लागले. तेव्हा १९८७ साली व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना 'ल्युकोअरायोसिस' असे ग्रीक नाव दिले. अर्थ इतकाच की पांढऱ्याचे विरळ होणे. कारणाविषयी आधीच निवाडा होऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम कोरे नाव निवडले. पण शास्त्रज्ञाने कारणाची जागा कोरी ठेवावी आणि जगाने तिथे 'वय' असे लिहून मोकळे व्हावे, असे पुढे झाले.

आणि आता घरातली गोष्ट. या ठिपक्यांचे परिणाम आपण ओळखत नाही याचे कारण ते आपल्या कल्पनेतल्या विस्मरणासारखे नसतातच. स्मृतिभ्रंश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नातवाचे नाव विसरलेली आजी येते. ते चित्र मुख्यतः अल्झायमर या निराळ्या रोगाचे आहे. पुष्कळ म्हाताऱ्यांत दोन्ही रोग एकत्र नांदतात हे खरे, पण दोहोंची चाल वेगळी. पांढऱ्या भागाच्या झिजेत नावे, चेहरे, जुन्या हकिगती बराच काळ शाबूत राहतात. जाते ते दुसरेच. जी बाई चाळीस वर्षे एकटीच्या बळावर दिवाळीचा फराळ करीत आली, चकलीची भाजणी दळून आणायला कोणाला पाठवायचे, पाक होईतो करंजीचे सारण कसे उरकायचे, चिवड्याचे पोहे कोणत्या उन्हात ठेवायचे हे सारे जिच्या डोक्यात एकाच वेळी चाले, ती यंदा ओट्याशी उभी राहून तळण अर्ध्यावर सोडते. कृती तिला तोंडपाठ आहे. विचारा, बिनचूक सांगेल. चार कामांची गुंफण मात्र तिच्याने होत नाही. घर म्हणते, "आईला आता कंटाळा येतो."

तसेच आजोबांचे. ते बोलणे कमी करतात, पेपर हातात धरून बसतात पण वाचीत नाहीत, कशाचीच हौस उरत नाही. पावले लहान पडतात, वळताना तोल जातो, लघवीला घाईने धावावे लागते. घर काय म्हणते? "हेकट झालेत." "आळशी झालेत." "मुद्दाम करतात." म्हणजे रोहिणींचा दोष स्वभावाच्या खाती मांडला जातो! बरे, ज्याचे पाय लंगडतात त्याला कोणी मुद्दाम लंगडतोस म्हणत नाही. मेंदूतली तार लंगडली तर मात्र तो हेकटपणा.

इथे प्रतिपक्षाचा वकील उठेल आणि म्हणेल की हे ठिपके तर बहुतेक सर्वच म्हाताऱ्यांच्या मेंदूत सापडतात. त्याचे म्हणणे खरे आहे. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात साठ ते नव्वद वर्षांच्या १,०७७ लोकांच्या मेंदूंची चित्रे काढली गेली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणे एकही ठिपका नाही अशी माणसे शंभरात अवघी पाच निघाली. मग झालेच की नाही हे वयाचे? मुळीच नाही. आपल्याकडे कित्येक गावांत एके काळी घरोघर नारू असे. म्हणून नारू हा वयाचा किंवा प्रारब्धाचा परिणाम ठरला काय? पाणी बदलले, ते गाळून पिण्याची शिस्त लागली आणि २००० साली हा देश नारूमुक्त जाहीर झाला. सर्वांना आहे म्हणून ते नैसर्गिक, हा युक्तिवाद फक्त आळशी माणसाला पटतो.

शिवाय प्रश्न आहे-नाहीचा नाही, कितीचा आहे. फ्रान्झ फाझेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ सालीच या बदलांची शून्य ते तीन अशी प्रतवारी लावून दिली. पहिल्या प्रतीत चार-दोन विखुरलेले ठिपके. त्यांनी कोणी घाबरून जाऊ नये, आणि तेवढ्यावरून म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यांच्या वाऱ्या घडवू नयेत. तिसऱ्या प्रतीत मात्र ठिपके एकमेकांत मिसळून मोठमोठे डाग पडलेले असतात. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१० साली जो हिशेब मांडला गेला, त्यात असे दिसले की या बदलांचे प्रमाण ज्यांच्यात जास्त, त्यांना अर्धांगवायूचा धोका सुमारे तिपटीहून अधिक, स्मृतिभ्रंशाचा जवळजवळ दुप्पट आणि मृत्यूचाही दुप्पट. पहिल्या आणि तिसऱ्या प्रतीला 'वयोमानानुसार' या एकाच पोत्यात कोंबणे म्हणजे शिंकेला आणि क्षयाच्या खोकल्याला एकच औषध देणे.

वकिलाजवळ आणखी एक पान आहे, आणि ते पहिल्याहून वजनदार आहे. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या एका पिढीचा अभ्यास चालू आहे. त्या मंडळींच्या सत्तरीनंतर काढलेल्या चित्रांवरून २०१४ साली असे दाखवले गेले की रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह ही सगळी कारणे मिळून माणसामाणसांतल्या ठिपक्यांच्या फरकाचा जेमतेम दोन टक्के भाग समजावून सांगता येतो. बाकी? काही वाटा आनुवंशिक आहे. बराचसा अजून अंधारात आहे. हे पान मी लपवणार नाही. परंतु त्यातून 'वय' निर्दोष सुटलेल्या रक्तदाबाच्या जागी आपोआप उभे राहत नाही. सत्तरीत एखाद-दुसऱ्या वेळी मोजलेला दाब हा चाळिशी-पन्नाशीतल्या दाबाचा फार लंगडा साक्षीदार आहे. नुकसान तेव्हा झालेले असते. आणि कारण कितीही गुंतागुंतीचे असले तरी एक सोपी कसोटी उरतेच. दाब उतरवून पाहा, ठिपके वाढायचे थांबतात का?

ती कसोटी झाली आहे. अमेरिकेत 'स्प्रिंट' नावाच्या प्रयोगात पन्नाशीच्या वरच्या लोकांचे दोन गट केले. एका गटात वरचा दाब १४० च्या आत ठेवला, दुसऱ्यात १२० च्या आत. त्यांतल्या ४४९ जणांच्या मेंदूंची चित्रे सुमारे चार वर्षांनी पुन्हा काढली. २०१९ साली निकाल आला. पहिल्या गटात डागांचे आकारमान १.४५ घन सेंटिमीटरने वाढले होते, दुसऱ्यात ०.९२ ने. फरक अर्ध्या घन सेंटिमीटरचा, म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा हिस्सा! कोणी हसेल. पण याच प्रयोगातल्या नऊ हजारांहून अधिक लोकांत बुद्धीची सौम्य घसरण दुसऱ्या गटात १९ टक्क्यांनी कमी झाली. पुरत्या स्मृतिभ्रंशात जो फरक दिसला तो खात्रीने सांगता येण्याइतका मोठा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी पंच्याहत्तरीपुढच्या १९९ जणांवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात, दाब अधिक उतरवलेल्या गटात ठिपक्यांची वाढ ४० टक्क्यांनी कमी आढळली. चालण्याच्या वेगात मात्र तीन वर्षांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे काय? जी तार झिजली ती गोळीने परत येत नाही. न झिजलेली वाचते.

साठी मात्र दोन्ही गटांत सारखीच होती.

आता थोडे डॉक्टरांविषयीही बोलू. कारण ही म्हण केवळ घरात जन्मली नाही, तिला एके काळी दवाखान्यातही पाट मांडलेला होता. 'शंभर अधिक वय' हा वरच्या दाबाचा हिशेब आपल्यापैकी कित्येकांनी आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. सत्तर वर्षांच्या माणसाचा दाब १७० असला तरी बिघडत नाही, उलट ताठरलेल्या रोहिणींतून रक्त पुढे ढकलायला तो हवाच, अशी समजूत मोठमोठ्या वैद्यांची होती. लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी तर १९३१ साली अशा अर्थाचे बोलून दाखवले की, वाढलेल्या दाबाचा खरा धोका तो सापडण्यात आहे. सापडला की कोणी तरी मूर्ख तो उतरवायला जातो!

या समजुतीची किंमत जगाने १९४५ साली पाहिली. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना १९४४ च्या मार्च महिन्यात डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी तपासले तेव्हा दाब १८६ वर १०८ होता आणि हृदय मोठे झालेले होते. अध्यक्षांचे खासगी वैद्य मात्र लोकांना सांगत राहिले की वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे. वयाच्या मानाने! १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले. त्या दिवशी मोजलेला वरचा दाब ३०० च्याही वर होता. ब्रून यांच्याजवळ तेव्हा धड औषध नव्हते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते मिळते. सरकारचा रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम ज्या पाच राज्यांत प्रथम सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता. भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून त्याचा आरंभ झाला. रूझवेल्टना जे मिळाले नाही ते भंडाऱ्याच्या शेतमजुराला मिळते आणि तरीही आपण वयाचे पालुपद सोडत नाही.

आणि वयाबरोबर दाब चढतोच हे तरी कुठे खरे आहे? ॲमेझॉनच्या अरण्यात यानोमामी नावाचे लोक राहतात. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. १९८८ साली निरनिराळ्या देशांतल्या बावन्न ठिकाणच्या लोकांचा दाब मोजला गेला, त्यात त्यांचा सरासरी दाब सुमारे ९६ वर ६१ निघाला, आणि वयाबरोबर तो वाढत नाही असे दिसले. पुण्या-मुंबईच्या माणसाने यानोमामी व्हावे असे मी म्हणत नाही. त्यांच्या अरण्यात इतर हाल पुष्कळ आहेत. पण दाब चढणे ही केस पिकण्यासारखी अटळ गोष्ट नव्हे, एवढे तरी त्यांनी सिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे आपण सुमारे ८ ग्रॅम खातो. शेव, चिवडा आणि चकलीचा डबा शेजारी ठेवून हा लेख वाचला जात असेल याची मला कल्पना आहे. चार दिवसांच्या फराळाने कोणाच्या मेंदूत डाग पडत नाहीत. रोजचे लोणचे, पापड आणि ताटात वरून घेतलेले मीठ यांचा हिशेब निराळा.

याच देशातल्या २०१७-१८ च्या पाहणीत दाब वाढलेल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे अठ्ठावीस जणांनाच आपल्याला तो आहे हे ठाऊक होते, आणि दाब ताब्यात असलेले निघाले जेमतेम तेरा. उरलेले सत्त्याऐंशी काय करतात? त्यांतल्या पुष्कळांना माहीतच नाही. काहींना माहीत आहे, पण "गोळीची सवय लागते." चष्म्याची सवय लागते म्हणून आपण चष्मा काढून रस्ता ओलांडीत नाही! काहींनी महिनाभर गोळ्या घेतल्या, दाब ठीक आला आणि बंद केल्या. म्हणजे छत्रीखाली अंग कोरडे राहिले म्हणून भर पावसात छत्री मिटली. काही घरांत आजोबांच्या गोळ्यांचा डबा भरलेला असतो आणि आजीचा दाब कोणी मोजलेलाच नसतो, कारण ती तक्रार करीत नाही. स्मृतिभ्रंश आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवले. साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक माणसांना तो आहे. आणि ज्यांच्याकडे गोळीसाठी पैसे नाहीत असे सांगितले जाते त्यांच्याच फळीवर बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांची रांग दिसते, हा विनोद मी केलेला नाही.

दुसरे टोकही गाठू नये. दाब एकदम फार उतरवला तर म्हातारे माणूस उठताना भोवंडून पडते. 'स्प्रिंट'मध्ये मधुमेही आणि अर्धांगवायू होऊन गेलेले लोक घेतलेच नव्हते, म्हणून १२० चा आकडा सर्वांना सरसकट लावता येत नाही. किती उतरवायचा हे डॉक्टरने माणूस बघून, त्याला उभे करून पुन्हा मोजून ठरवायचे. शेजाऱ्याच्या गोळ्या उसन्या घ्यायच्या नाहीत.

"पण आता या वयात कशाला?" हा प्रश्न राहिला. तो बहुधा आजोबा स्वतःच विचारतात आणि घर मनातून सुटकेचा श्वास टाकते. याचे उत्तर २००८ सालीच मिळालेले आहे. ऐंशी आणि त्यापुढच्या ३,८४५ जणांवर प्रयोग झाला. ज्यांना दाबाचे खरे औषध दिले त्यांच्यात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, म्हणून तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. ऐंशीव्या वर्षी उशीर झालेला नसतो, तर सत्तराव्या वर्षी कसा होईल?

खरे पाहता माझा रोख आजोबांवर नाही. त्यांच्यावर हसणाऱ्या चाळिशीतल्या मुलाकडे आणि सुनेकडे मी बघतो आहे. इंग्लंडमधल्या सदतीस हजार लोकांच्या चित्रांवरून २०२१ साली असे दिसून आले की, मेंदूतल्या या डागांशी सर्वांत घट्ट नाते आहे ते पन्नाशीच्या आत मोजलेल्या खालच्या दाबाचे. म्हणजे आजोबांचा पाय जो आज फरफटतो त्याचा हिशेब ते कचेरीत असताना सुरू झाला होता. आणि जो मुलगा आज म्हण टाकून हसतो त्याचा हिशेब या घटकेला चालू आहे.

तेव्हा या दिवाळीत दाब मोजण्याचे यंत्र घरात असेल तर ते बाहेर काढावे, नसेल तर शेजारून आणावे. भाऊबीजेला आलेल्या भावाला चहाच्या आधी, तंबाखूच्या आधी, पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसवावे. हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवावा, बाही सैल करून दंडाला पट्टा बांधावा आणि मध्ये कोणी बोलू नये. मिनिटभर थांबून पुन्हा मोजावे. मग बहिणीचा, मग आईचा, आजीला वगळू नये. वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे गेला तर घाबरण्याचे कारण नाही. आठवडाभरात पुन्हा मोजून ते आकडे कागदावर घेऊन डॉक्टरकडे जावे. बाकीच्यांचे आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवावेत.